घरच्यासारखी

नातीनं परवा तिसऱ्यांदा नोकरी बदलली, तर सून तिला म्हणे, "आजीकडून शीक जरा. एकाच दुकानात वीस वर्षं काढली." माझ्या तोंडात सुपारी होती म्हणून गप्प बसले.

अमरावतीच्या त्या साडीच्या दुकानात मी बस्ते काढून द्यायचे. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडं एकाच बैठकीत. मोर्शीकडची मंडळी जीप भरून यायची आणि नवरीचा शालू ठरेस्तोवर दोन आत्या रुसून बसायच्या. त्यांना मनवणं हे माझं काम. समोरच्या दुकानदारानं मला दोनदा कामाला बोलावलं. मी बावळट! "आमचे शेठ मले घरचीच समजतात," असं ऐकवून, मान वर करून परत आले. शेठ दर दिवाळीला साडी द्यायचे. ती न खपलेली असायची हे मला कळत नव्हतं असं नाही. वर्षभर गिऱ्हाइकांपुढं मीच ती उलगडलेली असायची. तरी नेसून मिरवायचे.

मग शेठनी दुकान विकलं. मला कळलं ते नव्या मालकाचा सुतार मापं घ्यायला आला तेव्हा.

तरी बाईसाहेबांचा तोरा कायम! एवढी वर्षं एका जागी टिकले म्हटल्यावर अकोल्यातल्या साडीच्या दुकानात पायघड्याच घालतील, असं वाटलं. दिवाळीचीच साडी नेसून गेले.

तिथला मॅनेजर माझ्या मुलाच्या वयाचा. "वीस वर्षं एकाच दुकानात? काहून?"

"काहून म्हंजे?"

"दुसऱ्या कोनी बोलावलं नाही, का नवीन शिकाची आवड नाही?" त्यानं एक साडी पुढं टाकली. "ही इकून दाखवा मले."

मी पदर पसरला आणि सवयीनं बोलून गेले, "याच्याहून चांगली आपल्याकडं आहे."

"आपल्याकडं कुठं?"

"अमरावतीले." दुकान विकून महिना झाला होता! मागची पोरं फिसकन हसली.

त्यानं शेठना फोन लावला, स्पीकरवर. मी निर्धास्त. शेठचा आवाज येताच डोक्यावर पदरही घेतला, इतकी मी शहाणी.

"बाई इमानदार हाय," शेठ म्हणाले. "पन इतके वर्षं राह्यली म्हंजे काय, जाणार कुठं होती? तिले कोन इचारते?"

समोरच्यानं बोलावल्याचं दोन्ही वेळा मी शेठनाच तर हसत हसत सांगितलं होतं.

लग्नसराई तोंडावर होती. मॅनेजर म्हणाला, "सोमवारपासून या. पन ते आपल्याकडं-बिपल्याकडं इथं नाही चालणार."

घरी आल्यावर अंगावरची साडी बोहारणीपुढं टाकली. तिनं उलटसुलट पाहिली. "मावशी, हा रंग नाही चालत वो."

मॅनेजर पोरगा तसा वाईट नव्हता. पुढच्या दिवाळीला त्यानं माझ्यापुढं डबा धरला. "घ्या काकू, तुमी तं आता आमच्या घरच्याच."

मी डबा तिथंच उघडला.

"घरची नको म्हनू, बापा. दुकानातलीच बरी आहे मी. अन् ही साडी तं चैतापासून मीच उलगडून राहिली."