साक्षीदाराशिवाय

आबा वारले त्या दिवशी माझी दोन खाती होती. एक आखातातल्या बँकेत, एक हिंगोलीत. दोन्ही बंद होती.

आबा म्हणजे माझे वडील. वारंगा फाट्यावर हमाली करायचे. मी आखातात एका दवाखान्यात रक्त तपासते.

तिकडच्या खात्याचं आधी सांगते. परदेशी माणसाला तिथं खातं मिळतं ते राहण्याच्या परवान्यावर. त्याचं एक कार्ड असतं. ते नोकरी देणाराच काढतो, मुदत संपली की त्यानंच नवं करायचं. नाही केलं तर बँक खातं थांबवते. पगार जमा होत राहतो. आपण मशीनसमोर उभं राहून आकडा बघायचा. गावी पैसे पाठवायच्या दुकानातही हेच कार्ड मागतात.

माझं कार्ड संपलं तेव्हा मी दवाखान्याच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब मराठी होता. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यानं गाव विचारलं होतं. हिंगोली म्हटल्यावर म्हणाला, "अहो, तिकडची माणसंही इथवर यायला लागली का?" मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर 'अहो'चं 'अगं' झालं. तेव्हापासून 'अगं'च.

त्या दिवशी समोर खुर्ची रिकामी होती. मी उभी होते. वडिलांच्या छातीत दुखतंय, त्यांना नांदेडला दाखवायचंय, पैसे पाठवायचेत, असं सांगितलं. संगणकावरची नजर न काढता तो म्हणाला, "पैसे खात्यातच आहेत ना? कुठं पळून जाणार आहेत?"

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. मीही हसले.

माझा पासपोर्ट त्याच खोलीतल्या कपाटात होता. नव्या कार्डासाठी लागतो म्हणून घेतलेला. म्हणजे पैसे पाठवता येईनात, आणि स्वतः निघूनही येता येईना.

हिंगोलीचं खातं आबांच्या आणि माझ्या नावावर होतं. आबा शाळेत गेले नव्हते. खातं अंगठ्यावर चालायचं. पण उभा जन्म पोती उचलली, हळदीची, सिमेंटची. बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या. बँकेतल्या मशीनला त्यांचा अंगठा उमगायचा नाही. मग शाईचा अंगठा. आणि शाईच्या अंगठ्याला साक्षीदार लागायचा. बँकेच्या ओळखीचा, वजनदार.

साक्षीदार म्हणजे फाट्यावरच्या आडतीचे मालक. आबा त्यांचीच पोती उचलायचे. पैसे काढायचे असले की आबांनी त्यांच्या ओट्याखाली जाऊन बसायचं. मालकांचं जेवण व्हायचं, झोप व्हायची, पाहुणे उठायचे. मग जीपमध्ये मागं बसून हिंगोलीला. बँकेत मालक खुर्चीवर, आबा उभे. मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "पोरगी तिकडं अरबाचं रक्त काढती, अन् बाप हितं माझं पितो." अख्खी रांग हसायची. आबा मला फोनवर हे गंमत म्हणून सांगायचे. सांगून झालं की लगेच विषय बदलायचे.

म्हणून मी आबांना सही शिकवली. फोनवर मी कागदावर अक्षर काढून दाखवायची. ते ट्रकच्या फाळक्यावरच्या धुळीत बोटानं गिरवायचे, आणि फोन फिरवून दाखवायचे. "बघ गं माय, जमून राहिलं का?"

जमलं. एका सकाळी मालकांना न सांगता ते एसटीनं हिंगोलीला गेले आणि खिडकीवर सही केली.

खिडकीतल्या बाबूनं कागद फिरवून फिरवून बघितला. म्हणाला, "अंगठेबहाद्दर, ही सही कुणाची चोरून आणली?"

नोंद अंगठ्याची आणि कागदावर सही. त्यानं खातं थांबवलं. दुसरी खातेदार परदेशात राहते, तिनं समक्ष यावं, मग बघू. आबांनी त्याच खिडकीवर पुन्हा सही करून दाखवली म्हणे. कुणी बघितली नाही.

दुखणं वाढलं. तिकडं माझ्या खोलीत केरळची एक नर्स राहायची. ती तिच्या पैशातून, तिच्या कार्डावर पाठवायला तयार झाली. पण पाठवायचे कुणाच्या खात्यावर? काकाच्या खात्यात पडलेला पैसा बँक पीककर्जात वळता करायची. वस्तीत ज्याला विचारावं त्याच्या खात्याला काही ना काही अडचण. शेवटी मालकांनीच फोन केला. "माझ्या खात्यावर टाक की. तुझा बाप मला परका हाय का?"

मागून आबांचा आवाज आला. "नको टाकू, माय. मी थांबतो."

मी टाकले. थांबण्यासारखं ते दुखणं नव्हतं.

पैसे त्याच दिवशी पोचले. मालकांच्या घरी साखरपुडा होता. आबा ओट्याखाली जाऊन बसले. सोबत माझा चुलत भाऊ होता, हे सगळं त्यानं मला सांगितलं. मंडप, पंगती, गाड्या. भावानं दोनदा निरोप आत पाठवला. मालक हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "उद्या काढू. कुठं पळून चालले पैसे?"

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना पोचवायचं होतं. आबा पुन्हा ओट्याखाली. दुपारी तिथंच कलंडले. नांदेडच्या वाटेवर गेले.

बातमी कळल्यावर माझं कार्ड एका दिवसात झालं. खातं सुरू झालं. पासपोर्ट हातात आला. साहेब म्हणाला, "बघ, झालं ना काम?"

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मालक वस्तीत आले. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी हातानंच परतवला. मला म्हणाले, "तुझा पैसा बराबर हाय. एक रुपया हलला न्हाई."

आमचीच माणसं म्हणाली, भला माणूस हाय.

मी साहेबाचं वाक्य आणि मालकांचं वाक्य शेजारी शेजारी ठेवून बघत होते. मधे एवढा समुद्र होता आणि वाक्य एकच होतं. पैसे कुठं पळून जाणार आहेत. पैसे जात नाहीत. बरोबर आहे.

खातं सुरू करायला हिंगोलीला गेले. मालक न बोलावता आले आणि खुर्चीवर बसले. बाबूला म्हणाले, "हिच्या बापाचं मीच बघायचो. आता हिचंबी बघतो."

बाबूनं मान वर केली नाही. शाईचा पॅड माझ्याकडं सरकवला.

पॅडच्या मधोमध खळगा पडला होता. अंगठ्याएवढा. मी तो नीट बघितला. मग पॅड परत सरकवला.

"काहून?" बाबू म्हणाला.

मालक हसले. "भिऊ नको. शाई धुतली की जाती."

"मी सही करते," मी म्हणाले. "साक्षीदार नको."

"अगं, पण मालक मुद्दाम आलेत ना..." बाबू म्हणाला.

"अगं नाही. अहो म्हणा. आणि ह्यांना बाहेर थांबायला सांगा. हे माझे कुणी नाहीत."

मालक लगेच उठले नाहीत. मी पासपोर्ट खिडकीत ठेवला आणि ते उठेपर्यंत तशीच उभी राहिले. रांग होती. कुणी हसलं नाही. उठताना ते म्हणाले, "तू बापासारखी न्हाईस."

"आबांनीपण सही केली होती," मी म्हणाले.

आबांनी सही केलेला तो कागद मी मागितला. देता येत नाही, बाबू म्हणाला. मी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. पुढच्या वेळी येईन तेव्हा पुन्हा देईन.

आता मी पुन्हा आखातात आले आहे. पोट इथंच आहे. आल्या आल्या साहेबानं पासपोर्ट मागितला. मी दिला नाही. लेखी मागा, मी म्हणाले. अजून लेखी आलेलं नाही. कार्ड पुन्हा संपेल, खातं पुन्हा थांबेल, हे मला माहीत आहे. त्या खोलीत मला पुन्हा जावं लागेल. तेव्हा मी खुर्ची ओढून बसेन, आणि हसणार नाही.

नर्सचे पैसे फेडले. मालकांच्या खात्यावरचे परत आले, एक रुपया न हलता. आबा नाहीत. हिंगोलीचं खातं माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि माझ्या सहीवर चालतं. साक्षीदाराची जागा रिकामी आहे. ती रिकामी राहील.