जोडीचा आहेर

नेकनूरच्या लग्नात मी माइकवरून पुकारलं, "माजी आमदारसाहेबांनी आहेर घ्यायला जोडीनं यावं!" साहेबांचं दुसरं घर उघडकीला आलं, बाईसाहेब माहेरी गेल्या आणि साहेब निवडणुकीत पडले, हे माइक हातात येताच मी विसरलो.

पूर्वी साहेब जीपमधूनच अक्षता टाकायचे. पडल्यापासून मात्र प्रत्येक लग्नात बुंदी वाढायचे, "पोटभर घ्या, बरं का!" यंदा ते पुन्हा उभे होते.

साहेब एकटेच आले. आहेराची टोपी घातली, बाईसाहेबांच्या वाट्याची साडी नवरीच्या आत्याला देऊन पाया पडले.

आत्या म्हणाली, "साडी घेते, पण मत बाईसाहेब परत आल्यावर!"

सगळ्यांत आधी साहेबच हसले. मग माझ्या पत्रावळीवर बुंदी वाढत म्हणाले, "गुरुजी, मागं मला पाडायला दोन बायका लागल्या. यंदा तुमी एकटेच पुरे हाय."