आंदणाचा पलंग आणि नामपूरचे ढेकूण

दिनांक २४ एप्रिल १९३५, सकाळी पावणेसहा वाजता मी आमच्या घरातली शेवटची खाट उलटी करून तिच्या सांध्यांत सुई फिरवत होतो. बाकीच्या तीन खाटा आदल्या दिवशीच तपासून झाल्या होत्या. सुईच्या टोकाला धुळीखेरीज काही आले नाही. तरी खात्री होईना, म्हणून कंदील जवळ घेऊन पुन्हा पाहिले. आई दारातून म्हणाली, "अरे, मोटार सुटेल. त्या खाटेला आणखी किती टोचशील?"

कारण असे की, गेल्या माघात माझी धाकटी बहीण इंदू हिचे लग्न होऊन ती बागलाणात नामपूरला गेली. वडिलांनी मळ्यातला जुना आंबा कापून तिच्या आंदणासाठी पलंग करवला होता. महिन्याने त्या पलंगात ढेकूण निघाले. मग इंदूचे कार्ड आले: "दादा, सगळी आळी म्हणते, ढेकूण नाशिकहून आले. मला ढेकूणवाली म्हणतात. सासूबाई म्हणतात, ढेकूण गेल्याशिवाय आखाजीला पाठवणार नाही, माहेरी गेलीस तर आणखी घेऊन येशील. तू येऊ शकशील का?"

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, अकरा दिवसांवर होती. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मुलगी माहेरी आली नाही, तर शेजारणी कारण विचारल्याशिवाय राहत नाहीत, आणि 'ढेकूण' हे कारण आईला कोणापुढे सांगता आले नसते.

आणखी एक गोष्ट मी घरी सांगितली नव्हती. तो पलंग बैलगाडीतून नामपूरला मीच पोचवला होता. वाटेत दोन रात्री सराईत मुक्काम झाला आणि गाडीवान व मी पाळीपाळीने त्याच पलंगावर निजलो होतो. म्हणजे ढेकूण आमच्या घरचे नसले, तरी माझ्यामुळे गेले असणे शक्य होते.

नामपूरकडे जाणाऱ्यांसाठी लिहितो. मालेगावची सर्व्हिस मोटार नाशिकहून सात वाजता निघते. भाडे सव्वा रुपया. वळकटी टपावर देऊ नये, मांडीवर घ्यावी. टपावर दहा जणांच्या वळकट्या एकमेकींवर रचतात आणि कोणाच्या वळकटीत काय आहे, हे विचारायची सोय नसते. मी माझी मांडीवर घेतली. तिच्यात चुन्याची कळी आणि घासलेटची बाटली होती. बूच घट्ट बसवून वर मेण लावले होते, तरी ओझर येईपर्यंत सगळ्या मोटारीला वास कळला.

शेजारी मालेगावचे एक वृद्ध विणकर बसले होते. त्यांना सगळे रशीदचाचा म्हणत होते. त्यांनी विचारले, "घासलेट घेऊन कुठं चाललात, भाऊ? कुणाचं घर पेटवायचंय?"

मी हळूच सांगितले, "ढेकूण मारायला."

"किती लांब?"

"नामपूरला."

मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "इथले संपले वाटतं!" आणि मोटारभर हशा झाला. पण रशीदचाचा हसले नाहीत. त्यांचे सारे आयुष्य लाकडी मागावर गेलेले. ते म्हणाले, "मारायचं नंतर. आधी ते येतात किधरसे, ते बघा. पलंग उकळत्या पाण्यानं धुवायचा, दिवसभर उन्हात टाकायचा. मग घरात नेऊन चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या. पलंग भिंतीला लावायचा नाही, चादर जमिनीला टेकू द्यायची नाही. सकाळी वाटीत ढेकूण दिसला, तर तो बाहेरनं चढायला निघाला होता. नाय दिसला आणि तुम्हाला चावला, तर तो पलंगातच आहे. वाटी खोटं बोलत नाय."

हे मी वहीत उतरवून घेतले. मोटार हलत असल्याने अक्षर वाईट आले.

चांदवडला मोटार अर्धा तास थांबते. कांदाभजी आणि चहा मिळून दोन आणे पडतात. भजी गरम असतील तरच घ्यावीत. पुढे राहूडच्या घाटात इंजिन तापले, तेव्हा आम्ही सगळे उतरून चढाव पायी चढलो. वरून दिसणारा माळ उन्हाने पांढरा पडला होता. रशीदचाचांनी माझी वळकटी थोडा वेळ घेतली आणि म्हणाले, "उसमें ढेकूण नाय ना?" मी शपथ घेतली, तेव्हा मात्र ते पोटभर हसले.

मालेगावला साडेबाराला पोचलो. तिथून नामपूरची लॉरी तीनला सुटते, भाडे सहा आणे. रस्ता मोसम नदीच्या बाजूने जातो. धूळ इतकी की तोंडाला उपरणे बांधूनच बसावे. दोन्ही बाजूंना कांद्याचे ढीग आणि त्यांच्यावर पातीची सावली केलेली. पाच वाजता नामपूरला उतरलो.

इंदूचे यजमान कांद्याच्या गाड्या घेऊन मनमाडला गेले होते. घरी तिचे सासू-सासरे होते. मी सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना मावशी म्हणतो. मावशी उंच, सडसडीत आणि बोलायला फटकळ. त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "या भाऊ, बठा. पन पलंगवर नका बठू, चावतीन."

मी ओसरीतल्या लाकडी बाकावर मामांच्या शेजारी बसलो. मामा दिवसभर त्याच बाकावर असतात. बाजाराला आलेले गाडीवान तिथे टेकतात, घोंगड्या ठेवतात, पाणी पितात.

मावशी म्हणाल्या, "आम्हना घरमा ढेकूण नव्हतात. तुम्हीच आंदण म्हनीसन धाडात. आखाजीले पोर धाडसू, पन पहिले ढेकूण काढा."

इंदू पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या दंडावर लाल गांध्या होत्या. मी मान खाली घालून पाणी प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कामाला लागलो. पलंगाची नवार, म्हणजे विणीची सुती पट्टी, सोडून ती पाण्यात उकळली. पलंग अंगणात आडवा करून प्रत्येक सांध्यात उकळते पाणी ओतले. पंधरा-वीस ढेकूण निघाले. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. प्रत्येक ढेकूण निघाला की म्हणत, "हाऊ देखा, नाशिकवाला." त्या ढेकणांत सराईतले किती हे मला तरी कुठे माहीत होते? मग कोंबडीच्या पिसाने सांध्यांत घासलेट फिरवले, फटींत चुना भरला आणि पलंग दिवसभर उन्हात तापवला. संध्याकाळी नवार विणून तो ओसरीच्या मध्यावर ठेवला, भिंतीपासून दोन हात दूर. चारी पायांखाली पितळी वाट्या ठेवून त्यांत पाणी आणि वर थोडे घासलेट घातले. त्या पलंगावर मी स्वतः निजलो. आमिष कोणीतरी व्हायलाच हवे होते.

सकाळी उजाडताच खाली वाकून पाहिले. पहिल्या वाटीत तीन ढेकूण तरंगत होते. दुसरीत दोन. बाकाच्या बाजूच्या दोन वाट्यांत मिळून चौदा. माझ्या अंगावर एकही चावा नव्हता.

मी इतका हरखलो की वाटी हातात घेऊन थेट चुलीपाशी इंदूकडे गेलो. "इंदू, हे बघ! ढेकूण बाहेरून येतात. बाकाकडून! पलंग स्वच्छ आहे."

तिने वाटीत पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "दादा, हळू बोल. हे सासूबाईंना दाखवणार आहेस?"

"मग? तुला ढेकूणवाली म्हणतात ना?"

"म्हणू देत. घर त्यांचं, बाक मामंजींचा. तू त्यांना खोटं पाडून गेलास, तर त्या मला आखाजीला पाठवतील? मला खरं ठरायचं नाही रे, मला घरी यायचंय."

याचा मी विचारच केला नव्हता. इतक्या दिवसांची अपराधाची भावना उतरवायची मला इतकी घाई झाली होती की, ती कोणाच्या डोक्यावर उतरेल हे पाहिलेच नाही. मी ओसरीत आलो, बाकीच्या तीनही वाट्या उचलल्या आणि मोरीकडे निघालो. मनाशी ठरवले की, बाकाचे नाव न काढता, 'सगळ्याच लाकडाला एकदा पाणी घालू' एवढेच म्हणायचे.

मोरीच्या दारात मावशी उभ्या होत्या.

"फेकू नको."

मी थांबलो.

"तू उठाना पहिलेच मी चारी पाह्यात," त्या म्हणाल्या. "पलंग मधमा, आन् ढेकूण बाहेरथून येतस. मी काय येडी शे?"

मला वाटले, आता सगळे संपले. मी घाईने म्हणालो, "मावशी, पलंगातही होतेच की. वाटेत मी त्याच्यावर सराईत निजलो होतो. मूळचे कोणाचे, हे आता कोणालाच सांगता यायचं नाही."

त्या म्हणाल्या, "सराईमा निजनास, हाई कोनी इचारं व्हतं का? मंग कसाले सांगस?"

"खरं आहे म्हणून."

मावशी तडक ओसरीत गेल्या आणि मामांना म्हणाल्या, "उठा."

मामा बाकाला घट्ट धरून बसले. "मन्हा बापना बाक शे हाऊ. पंधरा साल बठनू, माले एक बी नही चावना."

"तुम्हनं चामडं म्हैसनं शे. उठा!"

मामा उठले. मावशींनी बाकाचे एक टोक धरले, दुसरे मला धरायला लावले, आणि आम्ही तो अंगणातही न ठेवता सरळ आळीच्या मधोमध आणून टाकला. मग त्या सगळ्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "देखा वं बायासवन! ढेकूण आम्हना बाकना शेतस. मन्ही सूनले आजपाईन कोनी ढेकूणवाली म्हनं, तर मन्हासंगे गाठ शे!"

इंदू दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, हे लांबून कळले नाही.

इंदूने उकळता हंडा आणला. मी पहिला तांब्या बाकाच्या सांध्यात ओतला आणि फटीतून ढेकणांचा लोटच बाहेर आला. आळीतल्या बायका दोन पावले मागे सरल्या. पाठोपाठ ढेकणांचा तो विशिष्ट कुबट वास आला. मामा वाकून बघत म्हणाले, "इतला?" आणि स्वतःच दुसरा तांब्या भरायला गेले.

समोरच्या घरातली एक बाई थोड्या वेळाने हळूच खाट घेऊन आली. "जरा आम्हनी बी देखा, भाऊ." मग दुसरी आली. दुपारपर्यंत आळीत अकरा खाटा, दोन पाळणे आणि एक दुकानाची फळी उन्हात आडवी पडली होती. 'आमच्यात नाहीत' म्हणणाऱ्या प्रत्येक घरात निघाले. चार चुलींवर हंडे चढले. बायका पाणी ओतत, मी पिसाने घासलेट लावत पुढे सरके आणि इंदू चुना भरत मागून येई. मला सगळे ढेकूणमास्तर म्हणू लागले. शाळेतून मी पाचवीत बाहेर पडलो, तेव्हा मास्तर हा शब्द माझ्या नावापुढे कधी लागेल असे वाटले नव्हते. त्या दिवशी जेवायला तीन घरांची बोलावणी होती. मावशींच्या हातच्या ज्वारी-उडदाच्या कळणाच्या भाकरीला आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याला मात्र तोड नाही. नामपूरला गेल्यास ती भाकरी मिळवावीच.

नामपुरातल्या तिसऱ्या सकाळी वाट्यांत दोन ढेकूण होते. मी भिंतीच्या भेगा लिंपल्या. चौथ्या सकाळी चारी वाट्यांतले पाणी स्वच्छ. मी दोनदा पाहिले, मग मावशींनी पाहिले, मग मामांनी चष्मा लावून पाहिले. एकही नाही!

हे करू पाहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. अंडी उरतात, म्हणून दहा-बारा दिवसांनी दुसरे पाणी घालावेच लागते. मी मावशींना हे सांगितले, तेव्हा तेवढ्यासाठी त्या इंदूला ठेवून घेतील अशी भीती होती.

त्या म्हणाल्या, "दुसरं पानी मी घालसू. माले हात नहीत का?" मग इंदूकडे वळून म्हणाल्या, "लुगडी बांध. सकायनी लॉरी शे."

मी हे सगळे आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकात लिहिणार आहे, हे निघताना त्यांना सांगून टाकले. बाकाचे लिहू का, असेही विचारले. "लिख," त्या म्हणाल्या. "पन बाक साफ व्हयना, हाई बी लिख." म्हणून लिहितो: बाक साफ झाला आहे. मी स्वतः तपासला.

येताना लॉरीत धूळ तेवढीच होती, पण इंदू खिडकीशी बसून सगळा रस्ता बोलत होती. एकोणतीस तारखेला संध्याकाळी आम्ही नाशिकला पोचलो. आईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारले, "पाठवलं त्यांनी?" इंदू म्हणाली, "सासूबाईंनी स्वतः लॉरीत बसवलं."

आता मागे वळून पाहतो, तर बागलाणातले ऊन आणि धूळ विसरून गेलो आहे. लक्षात राहिला तो मावशींचा आळीत घुमलेला आवाज. मी चूक झाकायला निघालो होतो आणि त्यांनी स्वतःची चूक चार दारांपुढे उघड्यावर ओढून आणली. आखाजीला मळ्यातल्या चिंचेला झोका बांधला. इंदूचा झोका इतका उंच जाऊ लागला की मी दोर तीनदा तपासला.

खर्च: जाताना भाडे, एक माणूस, १ रुपया १० आणे. येताना भाडे, दोन माणसे, ३ रुपये ४ आणे. चुना व घासलेट ५ आणे. वाटेतले खाणे, जाताना २ आणे, येताना ३ आणे. एकूण ५ रुपये ८ आणे.

देणे: इंदूच्या तिकिटांसाठी मावशींनी निघताना दिलेले १ रुपया १० आणे. परत घेणार नाही असे त्यांनी बजावले आहे.