सोमवारचा मोडलेला उपास

दोन बाळं गेली तेव्हा देवावरचा माझा विश्वासही जवळजवळ गेलाच होता. पहिलं वीतभर जन्मलं आणि तिसऱ्या दिवशी थंड पडलं. दुसरं तर रडलंच नाही. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी सिद्धेश्वराला नवस बोलले, बाळ जगावं म्हणून सुटका होईपर्यंत दर सोमवारी पाणीसुद्धा न घेता उपास करीन. हट्टी तर मी लहानपणापासूनच. देवाशीही हट्टानेच वागले.

बहात्तरच्या दुष्काळाचे ते दिवस. सोलापूरच्या दक्षिणेला आमचं गाव. थकलेले सासू-सासरे सोडले तर घरातले आम्ही सगळेच रस्त्याच्या कामावर जायचो. सातव्या महिन्यातही मी खडी फोडत होते. कामावर सुकडी मिळायची, गोडसर पिठाची. माझ्या वाटची मी पदरात बांधून सासऱ्यांसाठी घरी न्यायची. शिवाय सासूबाईंचा दंडक होता, पोटुशीने कमी खावं, बाळ लहान राहिलं की सुटका सोपी होते. त्यांची धाकटी बहीण थोराड बाळापायी अडून गेली होती, त्याची धास्ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. त्यांना दोष कसा देऊ? मलाही ते पटलंच होतं.

एका सोमवारी भर दुपारी हातातला हातोडा सुटला आणि मी खडीवरच आडवी झाले. डोळे उघडले तेव्हा बाभळीच्या सावलीत होते. शेजारी एक म्हातारी बसली होती, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. आदल्या दिवशीच कामावर आलेली, सीमेपलीकडच्या कानडी मुलखातली असावी.

"सकाळपासनं काय खाल्लंस?"

"आज सोमवार हाय. उपास."

"आन काल?"

माझा हात पदराच्या गाठीकडे गेला. ती हसली. "काल बी उपासच की. नुस्तं नाव न्हवतं त्याला."

मग तिने गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं. "ह्याला दाखवल्याबिगर मी घास घेत न्हाय. आन तू पोटातल्या देवाला उपाशी ठिवतीस व्हय?"

"पण नवस मोडला तर?" मी विचारलं. दोन दिवस बाळ हललं नव्हतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मोडू दे. पाप माज्या माथी. ऊटा माड, मगळे." म्हणजे, जेव, लेकी.

तिने आधी पाणी पाजलं, मग स्वतःच्या वाटची सुकडी माझ्या हातावर ठेवली. मी रडत रडत खाल्ली. घोर अपराध करतेय असंच वाटत होतं. थोड्या वेळाने पोटात लाथ बसली, चांगली जोरात. मी तिथेच हात जोडले, देवाला की तिला, ते आजही सांगता येणार नाही.

पुढे रोज दुपारी ती माझ्यासमोर बसायची. शेवटचा घास जाईपर्यंत पदराला गाठ मारू द्यायची नाही. मी घरी सगळं खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बांधून दिलेल्या फडक्यात एक भाकरी जास्त होती.

लेक झाली, चांगली वजनदार. सुटकेला त्रास झाला, पण तिच्या रडण्याने शेजारच्या बायाही धावत आल्या. "लई मोठ्या गळ्याची हाय गं," म्हणून सासूबाई हसता हसता रडायला लागल्या. तोवर रस्त्याचं काम पुढे सरकलं होतं. म्हातारीचा पत्ता मी पुष्कळ विचारला, कुणालाच नीट सांगता आला नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. इतकं मात्र कळलं की देवावर भार टाकणं वेगळं आणि स्वतःला उपाशी मारून त्याला कोंडीत धरणं वेगळं. मी यातलं दुसरं करत होते, आणि त्याने तेही पोटात घातलं.

तीच लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिल्याच सोमवारी म्हणाली, "आई, आज मी उपास धरते." मी ताट वाढलं आणि तिचा शेवटचा घास होईपर्यंत समोर बसून राहिले. माझी सोमवारची पूजा तेवढीच.