ताईच्या पेटीवरचा फिल्टर

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत कामाला. हत्यारं धातूच्या पेटीत भरायची. पेटीच्या झाकणाला भोकं असतात, त्यांच्याखाली ताटलीएवढा पांढरा फिल्टर कडीने दाबून बसवायचा. त्यातून वाफ आत जाते, जंतू जात नाहीत. हे फिल्टर एकदा वापरून टाकायचे नसतात. धुवायचे, वाळवायचे, दिव्यासमोर धरून बघायचे आणि पुन्हा वापरायचे. सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी कात्रीने दोन तुकडे करून कचऱ्यात. दाजी इतके चिकित्सक, की तिथे त्यांचं नावच 'भिंग' पडलं होतं. लोक ताक फुंकून पितात, हे पाणीही फुंकून पिणारे. घरी नवी चादर आणली तरी उजेडात धरून बघायचे. ताई म्हणायची, "लग्नाआधी मलाही असंच खिडकीत धरलं असेल!"

ताईच्या पित्ताशयात खडे झाले. ऑपरेशन त्याच इस्पितळात ठरलं. तिच्या पेटीला दाजींनी कुणाला हात लावू दिला नाही. पेटी स्वतः भरली, फिल्टर स्वतः बसवला. ऑपरेशननंतर जखम आतून चिघळली, विष अंगभर पसरलं आणि माझी धडधाकट ताई गेली.

चौकशी झाली. डॉक्टर म्हणाले, अशा गोष्टीला शंभर कारणं असतात. पेटीचं कुणालाच काही सांगता येईना. तो फिल्टर तोवर धुऊन बाकीच्यांच्या गठ्ठ्यात मिसळला होता, आणि एकावरही काही खूण नसते. दाजींवर ठपका आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

ते कामावर परतले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना भोक पडलेला एक फिल्टर सापडला. तो न कापता त्यांनी घरी आणला. मी जेवणाचा डबा घेऊन गेले, तर दार उघडल्या उघडल्या माझ्यासमोर धरला.

"हाच असेल का गं?"

"दाजी, भोक काल पडलं असेल. कडीत चिमटून पडलं असेल."

"पण तेव्हाचंही असू शकतं ना?"

"असू शकतं. नसूही शकतं. मला काय विचारता?" मी चिडलेच. बहीण माझीही गेली होती.

मग त्यांना सगळ्याच फिल्टरांत भोकं दिसायला लागली. चांगलेही कापून टाकू लागले. गठ्ठा अर्ध्यावर आला तेव्हा मोठ्या सिस्टरनी त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली आणि त्यांना कपड्यांच्या गाड्या ढकलायला लावलं. जेवण नाही, झोप नाही, माणूस वाळून काटकी झाला. दर भेटीत तोच फिल्टर, तोच प्रश्न. मला त्यांची कीव यायची आणि संतापही यायचा, कारण मलाही तेच विचारायचं होतं आणि विचारायला कुणी नव्हतं.

परवा मी हरले. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं.

"हो दाजी. हाच होता. तुमच्या नजरेतून सुटला."

ते ओक्साबोक्शी रडले. मग उठून तोंड धुतलं, ताट पुढे ओढलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. वाटलं, सुटलो दोघंही. भांडी आवरून मी निघाले. चपला घालत होते, तेवढ्यात ते मागोमाग दारापर्यंत आले. हातात फिल्टर होताच.

"पण तुला कसं कळलं?"