निकेलच्या कणावर उगवलेले धागे

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी दिवाळीला बुऱ्हाणपूरला, राजपुऱ्यातल्या घरी आले ती तोंड पाडूनच. निकेलच्या अतिसूक्ष्म कणांवर कार्बनचे धागे वाढवायचे, हे माझं काम. भट्टीत तापलेल्या निकेलवरून अॅसिटिलीन सोडला की तो वायू मोडतो, त्यातला कार्बन धातूत मुरतो आणि दुसऱ्या बाजूने थरांवर थर साचत धागा होऊन बाहेर पडतो. माझ्या भट्टीतून मात्र बहुतेक वेळा नुसती काजळी निघायची. वायू बदलून बघ, असं सर म्हणाले होते. मी तीन बदलले होते.

बाबा कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. बांबूच्या लगद्यातले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. फराळाचं ताट बाजूला सारून त्यांनी माझ्या लॅपटॉपवरचे सूक्ष्मदर्शकातले फोटो मागितले. आईने ताट पुन्हा त्यांच्यासमोर सरकवलं.

एका फोटोत थोडे धागे होते. प्रत्येकाच्या टोकाला पांढरा ठिपका कशाचा, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तो निकेलचा कण. धागा त्याच्याखाली वाढतो आणि त्याला डोक्यावर घेऊन पुढे जातो. त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ धागे सोडून बाकीचा फोटोच न्याहाळत बसले.

"बेटा, हे मोठे गोळे कायचे?"

"तेही निकेलच, बाबा. कण एकमेकांना चिकटलेत."

"यांच्यावर तर एक पण धागा नाही. छोट्यांवरच आहेत. मग तू वायू कशाला बदलून राहिली? गोळे कमी कर ना."

मला हसू आलं, थोडी लाजही वाटली. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण धागे शोधायच्या नादात त्या टकल्या गोळ्यांकडे नीट बघितलंच नव्हतं.

परत गेल्यावर मी ज्यातून कण तयार होतात ते निकेलचं द्रावण पातळ केलं आणि कण चिकटू नयेत म्हणून वायू सोडण्याआधी भट्टी कमी तापवली. पहिल्या खेपेला काही जमलं नाही. दुसऱ्या खेपेला भट्टीतून बाहेर आला तो पिंजलेल्या कापसासारखा फुगलेला काळा थर. सूक्ष्मदर्शकाखाली धागेच धागे.

फोटो बाबांना पाठवला. मग आईचा फोन आला. तो फोटो दाखवायला बाबा सिंधीपुऱ्यातल्या जुन्या सहकाऱ्याकडे गेले होते आणि येताना मावा जिलेबी घेऊन आले होते. मग बाबांनी फोन घेतला. अभिनंदन वगैरे काही नाही. धाग्यांची जाडी मोजलीस का, एवढंच विचारलं. अजून नाही म्हटल्यावर म्हणाले, निदान दोनशे तरी मोज, आणि चांगले दिसणारेच तेवढे निवडू नकोस.