अंबाडीच्या सुताची गाठ

गुलाब मांदाडे यांनी मारलेली गाठ सुटत नाही, हे बोरटोल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तलावात आठ-नऊ किलोचा कतला मासा जाळ्यात शिरून धडपडला, तर जाळं फाटायचं, पण गाठ जिथल्या तिथं राहायची. बावन्न वर्षांचा हा मासेमार ढिवर माणूस अंगानं काटकुळा, शिक्षणानं नववी नापास, आणि स्वतःच्या हातांबद्दल चांगलाच गर्विष्ठ. दुसऱ्या कशाचा गर्व करावा असं आयुष्यानं त्यांना फारसं काही दिलेलं नव्हतं, तेव्हा एवढा एक आपण त्यांना माफ करू.

जाळी विणायला त्यांना वडिलांनी शिकवलं. त्या काळी सूत अंबाडीचं असे. ते पाण्यात भिजलं की आवळतं, म्हणून गाठ सरकत नाही. पुढं नायलॉन आलं आणि सगळ्या गावानं अंबाडीचं सूत सोडलं. गुलाबभाऊंनी मात्र एक रीळ जपून ठेवलं होतं. घरातली खाट, सायकलचं कॅरिअर, बायनाबाईंच्या मासे विकायच्या टोपलीचा तुटका कान, सगळं त्याच सुतानं बांधलेलं. बायनाबाई म्हणजे त्यांची बायको. तिचं म्हणणं असं, की या माणसाचं चाललं तर हा मलाही खुंट्याला बांधून ठेवील.

सहा वर्षांपासून गुलाबभाऊ मच्छीमार सोसायटीच्या हॅचरीत कामाला होते. मूल गावाच्या रस्त्याला, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, टिनाची शेड आणि शेडमध्ये एक गोल हौद. आषाढात रोहूच्या माद्या अंडी देतात. ती अंडी या हौदात सोडायची आणि पाणी सतत गोल फिरत ठेवायचं. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक अंडी पाण्याबरोबर वरखाली होत फिरत राहतात आणि पंधरा-सोळा तासांत फुटतात. पाणी थांबलं, की ती तळाला बसतात, एकावर एक रचली जातात आणि गुदमरतात. एकदा पांढरी पडली की संपलं. सोसायटीच्या नव्वद घरांचे तलाव वर्षभर या एका हौदावर अवलंबून असत. इथलं पिल्लू मेलं, तर पुढच्या उन्हाळ्यात जाळ्यात शिंगाड्याच्या वेलीशिवाय काही यायचं नाही.

मागल्या वर्षी नेमकं तेच झालं होतं. भर दुपारी लाइन गेली ती तिन्हीसांजेला आली. वरच्या टाकीतलं पाणी पाऊण तास पुरलं. मग गुलाबभाऊ नुसते काठावर बसून राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर हौदाचा तळ हळूहळू पांढरा झाला. दुसऱ्या दिवशी ते सगळं त्यांनीच घमेल्यानं उपसलं. त्यांना कोणी बोल लावला नाही. लाइन गेली, त्याला तो बिचारा काय करील, असंच सगळे म्हणाले. तरी पंधरा दिवस त्यांना मासळीचा वास सहन होत नव्हता, आणि ढिवराच्या घरात ही काय अवस्था असते ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

म्हणून सोसायटीचे अध्यक्ष गुणवंतराव यांनी खटपट करून या वैशाखात नवं यंत्र बसवून घेतलं. भिंतीवर इन्व्हर्टर, खाली कपाटाएवढी लिथियमची बॅटरी, आणि दोघांच्या मध्ये करंगळीहून बारीक एक निळी वायर. लाइन गेली की पंप आपोआप बॅटरीवर चालणार. बसवायला चंद्रपूरहून रिना खोब्रागडे नावाची मुलगी आली होती. वय पंचवीसच्या आसपास, कमरेला पेचकसांचा पट्टा. जाताना तिनं बजावलं होतं, "काकाजी, कायी तुटलं-फुटलं तर मले फोन करजा. स्वतः कायी करू नका." गुलाबभाऊंनी मान डोलावली होती.

आज, गुरुवारी, पहाटे माद्यांनी अंडी दिली. बावीस-तेवीस लाख तरी असावीत. हौद भरून गेला होता. गुलाबभाऊंनी वाडग्यात घेऊन पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरानं हसू आलं. ते दहा वाजेपर्यंत टिकलं. दहाला इन्व्हर्टर टीं-टीं करून ओरडू लागला.

पडद्यावर इंग्रजी 'ई' आणि पुढं चौदा. लाल दिवा लुकलुकतोय. लाइन चालू, पंप चालू, पाणी फिरतंय, सगळं नीट. मग हा ओरडतोय कशाला? त्यांनी रिनाला फोन लावला.

"काकाजी, ई-चौदा म्हणजे बॅटरी अन् इन्व्हर्टर एकमेकाशी बोलून नाई राह्यले," ती म्हणाली.

"काल संध्याकाळपर्यंत तं बोलत होते, मॅडम. रातीतून भांडण कायचं झालं?" गुलाबभाऊंनी थट्टा करून पाहिली.

"हसू नका. बॅटरी लिथियमची आहे. आपण किती भरलो, किती तापलो, हे ती इन्व्हर्टरले सारखं सांगत राह्यते. तिचं सांगणं बंद झालं, का इन्व्हर्टर तिच्याकडून कायीच घेत नाई. आग लागू नये म्हणून तसं केलं आहे."

"म्हणजे आता लाइन गेली तं?"

"तं पंप बंद पडंल."

गुलाबभाऊंनी टिनाच्या फटीतून बाहेर पाहिलं. पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं आणि पाळीवरचे बाभळीचे शेंडे वाकू लागले होते. बोरटोल्यात लाइन जायला एवढा वारा पुष्कळ होतो.

"तुमी कुठी आहा? येता का?"

"घुग्घुसले आहो. निघाली तरी अडीच तास लागतीन, ट्रकांची लाइन आहे. मी निघतो, तोवर आपण फोनवर पाहू. पयले ती निळी वायर पाहा. दोन्हीकडून काढून पुन्हा दाबून बसवा."

गुलाबभाऊंनी वायरीकडे नुसती नजर टाकली. टोक इन्व्हर्टरच्या बाजूच्या खाचेत होतं, जागच्या जागी. "ते पक्कं आहे, मॅडम. त्याची चिंता करू नका," ते म्हणाले.

पक्कं असणारच. महिनाभरापूर्वी जळमटं झाडताना त्या टोकाची प्लॅस्टिकची इवलीशी जीभ त्यांच्याच हातून तुटली होती. टोक खाचेत ढिलं पडू लागलं. एवढ्याशासाठी पोरीला चंद्रपूरहून काय बोलवायचं, आणि तुमच्या हातून तुटलं म्हणून तिनं ऐकवलं तर? त्यांनी बाजूला भिंतीत खिळा ठोकला, वायरीचा भार टोकावर येऊ नये म्हणून वीतभर अंबाडीच्या सुतानं ती खिळ्याला बांधली आणि वर जाळ्याची दुहेरी गाठ मारली. तेव्हापासून ती जागची हलली नव्हती. रिनाला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि आत्ताही ते तिला सांगायला त्यांची जीभ उचलली नाही.

मग पुढचा दीड तास रिना सांगत गेली आणि गुलाबभाऊ करत गेले. बॅटरीचा खटका पाडला, दोनशे आकडे मोजले, उचलला. ई-चौदा. इन्व्हर्टर बंद करून चालू केला. ई-चौदा. बॅटरीवरच्या टाचणीएवढ्या भोकात सुई घालून आतलं बटण दाबलं. तीन हिरवे दिवे लागले, आणि पुन्हा ते मेलं टीं-टीं. मध्येच फोन तुटायचा. रेंजसाठी पाळीवर धावत जायचं, तिचं ऐकायचं, लक्षात ठेवत खाली यायचं. बॅटरीवरच्या बारीक खटक्यांचा फोटो तिला पाठवायला गेले, तर तो अर्धा जाऊन अडकला. धोतराला हात पुसून पुसून ते ओलं झालं. प्रत्येक फेरीला ते आधी हौदात डोकावत. अंडी फिरत होती. काही अंड्यांत आता काळा ठिपका दिसू लागला होता. जीव धरला होता त्यांनी.

पावणेबाराला बायनाबाई डबा घेऊन आली. नवऱ्याचा चेहरा पाहूनच तिनं डबा खाली ठेवला. तिनं काही विचारायच्या आत कुठंतरी कडाड झालं, पंखा थांबला, पंपाची घरघर थांबली. टिनावर पडणाऱ्या थेंबांचा आणि इन्व्हर्टरच्या टीं-टींचा आवाज तेवढा शेडमध्ये राहिला.

"गेली," गुलाबभाऊ म्हणाले.

टाकीत पाऊण तासाचं पाणी. ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. ते हौदाच्या काठावर बसले, बरोबर मागल्या वर्षी बसले होते तिथंच. डोळ्यांपुढं घमेलं येऊ लागलं. अर्ध्या तासानं फोन वाजला, रिना रस्त्यातून बोलत होती. त्यांनी आवाज मोठा करून फोन काठावर ठेवला.

"लाइन गेली, बेटा," ते म्हणाले. मॅडम म्हणायचं भानच राहिलं नाही.

"काकाजी, घाबरू नका. मले एक सांगा. सगळं करून झालं, राह्यली ते एक वायरच. तुमी खरंच काढून पाह्यली का?"

"पक्की आहे म्हटलं ना!" ते एकदम खेकसले. "मी सोता बांधली आहे ते!"

"बांधली?" रिना म्हणाली. "कायले बांधली?"

बायनाबाईनं तोवर हात-पाय धुऊन लुगडं खोचलं होतं आणि ती हौदात उतरली होती. टाकीचा जोर ओसरेल तेव्हाची सोय म्हणून दोन्ही पंजे पाण्यात घालून ती हलक्या हातानं पाणी गोल फिरवू लागली. तिथूनच ती बोलली, मान वर न करता. "अजी, तुमची गाठ आहे म्हणून पाह्यत नाई का? दुसऱ्याची असती तं कवाच सोडून पाह्यली असती."

गुलाबभाऊंना राग आला. इतका, की ते ताडकन उठले. बायकोला दाखवावं म्हणूनच उठले, खरं सांगायचं तर. वायरीपाशी जाऊन त्यांनी मोबाइलचा दिवा लावला आणि गाठीवर बोट ठेवलं. सूत गार लागलं. दाबलं तर थेंब निघाला.

ज्येष्ठाच्या उन्हात बांधलं तेव्हा सूत खडखडीत कोरडं होतं. आता महिनाभर भिंतीला ओल, हौदाचे शिंतोडे, पावसाची हवा. सूत भिजलं होतं. भिजलं म्हणजे आवळलं होतं, वीतभरातलं बोटाच्या पेराएवढं सहज. आणि आवळताना त्यानं वायरीला खिळ्याकडे ओढलं होतं. त्यांनी दिवा खाचेजवळ नेला. टोक आत होतं, पण तांदळाच्या दाण्याएवढं बाहेर सरकलेलं. लांबून कोणालाही ते पक्कं बसलेलंच दिसलं असतं.

भिजलेलं सूत आवळतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? सातव्या वर्षापासून माहीत होतं.

गाठ सोडायला ते नखं लावू लागले. भिजलेली दुहेरी गाठ, हटायला तयार नाही. गाठ कापायची नसते, सोडायची असते, असं वडील म्हणत. ढिवर जाळ्याच्या गाठीला पातं लावत नाही. मागे पाण्याचा आवाज बारीक झाला होता. "अजी, अंडे खाली बसून राह्यले," बायनाबाई म्हणाली आणि या वेळी तिचाही आवाज फाटला. गुलाबभाऊंनी कनवटीची मासे चिरायची सुरी काढली आणि सूत कापलं.

टोक दाबलं. टक झालं. टीं-टीं थांबलं.

"थांबलं ना? आता हात काढू नका," फोनमधून रिना ओरडली. "त्याले अर्धा मिनिट लागते."

तेवढ्या वेळात ते काय काय बोलले, कोणाकोणाला बोलले, ते त्यांनाही आठवत नाही. मग लाल दिवा हिरवा झाला. पंप एकदा खाकरला आणि घरघरू लागला. बायनाबाईच्या पंजांखालून पाणी उसळलं आणि तळाला टेकलेली अंडी धुरळ्यासारखी वर आली. ती तशीच पाण्यात उभी राहून रडू लागली. मोजकीच काही पांढरी पडली होती, बाकीची फिरत होती.

टोकाला जीभ नव्हती. अंगठा काढला की ते सरकणार. "कशानं बांधू नका आता," रिनानं सांगितलं, "मी येतो तोवर धरून राहा." गुलाबभाऊ धरून राहिले. पाय भरून आले, अंगठा बधिर झाला. बायनाबाईनं उभ्या उभ्याच त्यांना भाताचे घास भरवले. लाइन काही आली नाही. त्या तास-दीड तासात त्यांना विचार करायला भरपूर वेळ मिळाला, आणि एकच विचार पुन्हा पुन्हा येत राहिला. आज अंडी मेली असती, तर सगळ्यांनी यंत्राला शिव्या घातल्या असत्या. सगळ्यांत मोठ्यानं आपणच घातल्या असत्या. पुन्हा घमेल्यानं उपसलं असतं, लोकांनी पुन्हा बिचारा म्हटलं असतं, आणि ती गाठ तिथंच राहिली असती, आपल्या हातची, पक्की.

दोनच्या सुमाराला रिना पावसात अडकत, चिखलानं माखून पोचली. तिच्या मागोमाग, खबर लागल्यानं, मोटरसायकलवर गुणवंतराव. आल्या आल्या त्यांनी तोंड सोडलं. "असं डबडं आमच्या गळ्यात मारलं का? दोन महिन्यात बंद पडते? मी वरपर्यंत लिवून देतो!"

रिनानं पिशवीतून नवी वायर काढली, गुलाबभाऊंचा अंगठा हलकेच बाजूला केला आणि वायर बसवली. मग तिनं खिळ्याला लोंबणारा सुताचा तुकडा पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि कामाचा कागद काढून पेन उघडलं. "वायर ढिली झाली होती, एवढं लिवतो, काकाजी," ती हळूच म्हणाली. "चालते ना?"

गुलाबभाऊंनी बधिर अंगठा चोळला. हौदात अंडी फिरत होती, एखाददुसऱ्यात आतला जीव वळवळताना दिसत होता.

"नाई चालत," ते म्हणाले, गुणवंतरावांना ऐकू जाईल असं. "जीभ माझ्या हातानं तुटली, असं लिव. सांगतली नाई, लपवली, असं लिव. अन् गाठ गुलाब मांदाडेनं बांधली होती, तेही लिव. नाव पुरं लिव."

रिना लिहीत होती. गुलाबभाऊ वाकून हौदाच्या काठावर बसले आणि वाडग्यानं एक एक पांढरं अंडं वेगळं काढू लागले.